गोदूबाईंच्या घरात माणसं किती

सर्व्हेची लीडर मी होते. त्याच्या दोन महिने आधी हजेरी देतानाही माझा आवाज फुटायचा नाही. मग वक्तृत्वात ढाल मिळाली आणि आता मला गप्प करणं आईलाही जमत नाही. त्यामुळे प्रशांत सरांनी लोकांशी कोण बोलेल विचारलं, तेव्हा माझाच हात आधी वर.

काम एकदम सोपं. शीळफाट्याच्या मागे टेकडीखाली बारा खोल्यांची एक वस्ती आहे, ती गरीब आहे का ते ठरवायचं. गरीब ठरली तर एक संस्था तिथे नळ आणणार. नाहीतर आहेच आठवड्याचा टँकर. चिठ्ठी काढून एकच घर निवडायचं आणि फॉर्म भरायचा. टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन तिन्ही असतील तर गरीब नाही. पण एका खोलीत पाचपेक्षा जास्त माणसं राहत असतील तर बाकी काही न बघता गरीब. वर ठळक अक्षरांत सूचना: डोळ्यांनी पाहिलं तेच लिहा.

चिठ्ठीत गोदूबाईंचं घर निघालं.

भर दुपारी वस्तीत कसलाच आवाज नव्हता. दारं सगळी उघडी. प्रत्येक खोलीत कोणी ना कोणी भिंतीवरच्या भल्यामोठ्या टीव्हीसमोर बसलेलं, आणि टीव्ही बंद.

गोदूबाईही तशाच. "बस गो बाय, आता लागंल," मान न वळवता म्हणाल्या.

मी कसली बसते. बडबडत फ्रीज उघडला, तर आत साड्यांच्या घड्या. वॉशिंग मशीनमध्ये तांदूळ. त्यांनी सावकाश सांगितलं की बाळकुमला त्यांच्या जुन्या वस्तीच्या जागी टॉवर उठले तेव्हा बिल्डरने या वस्तू घरोघर वाटल्या आणि सगळ्यांना इथे आणून टाकलं. विजेचा मीटर तीन वर्षं झाली तरी आलेला नाही.

मला हसू आलं, पण ते अर्ध्यातच अडकलं. फॉर्मप्रमाणे हे घर गरीब नव्हतं. आणि कोपऱ्यातल्या हंड्यात बोटभर पाणी.

"आजी, घरात माणसं किती?"

"सा जणं."

खोलीत तर त्या एकट्या. बाकीचे कामावर गेलेत का, विचारलं. म्हणाल्या, कुठं जातात, इथंच तर आहेत.

त्या बघत होत्या तिकडे मी बघितलं. टीव्हीच्या काळ्या काचेत गोदूबाई होत्या. शेजारी टोपीवाला म्हातारा, दोन बाया, एक मुलगा, एकीच्या मांडीवर बाळ. मी वळले. चटई रिकामी. परत काचेत बघितलं. सहाच्या सहा, शांत बसलेले, माझ्याकडे बघत.

मी लिहिलं: सहा. खोटं नव्हतं ते.

बाहेर सरांनी आकडा वाचला आणि भुवया उंचावल्या. स्वतः बघून येतो म्हणाले. बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा चेहरा पांढराफटक. माझा सहा खोडला आणि सात केला.

"सर, सातवं कोण?"

"तू," ते म्हणाले. "तू बाहेर होतीस ना गं आत्ता?"

वस्ती गरीब ठरली. गणपतीआधी नळ आला, आमचा फोटोसुद्धा छापून आला. संस्था आता मीटरसाठी अर्ज करायला तयार आहे, फक्त मी एक फॉर्म भरून द्यायला हवाय. महिना झाला, तो माझ्या दप्तरात पडून आहे. गोदूबाई तीन वर्षं वाट बघतायत, मला कळतं. पण वीज आली, टीव्ही लागला, तर काचेतल्या आम्ही सगळ्यांनी जायचं कुठे?