हिरवंच पिकणारं झाड

थोरलीने विहिरीकडच्या झाडावरून एक आंबा तोडला, पदराने त्याचा चीक पुसला आणि मुद्दाम दुसऱ्या फळांच्या टोपलीत सरकवला. मग टोपली नेऊन धाकट्या जावेपुढे ठेवली.

"तुझ्या यंत्राला विचार गं, यातला तयार कोणता."

माल बघायला आलेला व्यापारी बाजेवर बसला होता, मुकादम शेजारी उभा. फळ न कापता, न दाबता धाकटीचा कॅमेरा सालीआडचा गर जोखतो, हे ऐकल्यापासून व्यापारी हरखून गेला होता. सासूबाई गेल्यापासून तोड कधी लावायची ते थोरली सांगायची. देठाशी नाक नेऊन ती डोळे मिटायची आणि ती ते कधी उघडते याची सगळी बाग वाट बघायची. यंदा तिला कुणी विचारलंच नव्हतं. नवराही "धाकटी बघेल" म्हणून मोकळा झाला होता.

त्या एका झाडाचा आंबा मात्र पिकला तरी हिरवागार राहतो. यंत्र काय, शेवटी सालीचा रंगच बघणार आणि तिथे फसणार, याची थोरलीला खात्री होती. कधी एकदा फजिती होते असं तिला झालं होतं.

धाकटी एकेक फळ कॅमेऱ्यासमोर धरत गेली. कच्चं. कच्चं. अजून थोडं थांबा. तो हिरवा आंबा हातात आला तशी ती घुटमळली. मग तोही धरला.

पडद्यावर अक्षरं उमटली. लबाड. तयार.

यंत्र शिव्याही देतं की काय, म्हणून व्यापारी हसला. थोरलीला हसू आलं नाही. ती नवी नवरी असताना सासूबाईंनी तिच्या कानात त्या झाडाचं हे नाव सांगितलं होतं आणि बजावलं होतं, हे आपल्या दोघींतच. आणि यंत्रात झाडांची नावं भरली होती ती धाकटीने.

"तुला कुणी सांगितलं?"

"सासूबाईंनी. दवाखान्यात होत्या तेव्हा." धाकटीचा आवाज उतरला. "म्हणाल्या, थोरलीला कळू देऊ नकोस. तेवढं एक तिचं राहू दे."

दर हंगामात थोरली त्या झाडाखाली ऐटीत हिरवं फळ हुंगायची, "पिकलं" म्हणायची. आणि टोपली धरून उभी असलेली धाकटी तोंडाचा आ करून म्हणायची, जाऊबाई, तुम्हाला कळतं तरी कसं?

थोरलीने सुरी घेऊन आंबा चिरला. केशरी गर बघून व्यापाऱ्याने मान डोलावली.

"मग लावायची का तोड?" मुकादमाने धाकटीकडे बघत विचारलं.

धाकटीने कॅमेरा पाठीमागे नेला. "जाऊबाई सांगतील."

थोरलीने फोड तशीच ताटलीत ठेवली आणि बोटं पुसली.

"तिलाच विचार. तिला सगळं ठाऊक असतं."

मोठ्या बाईंचं मन मोठं, असं मुकादम पुढे कितीतरी दिवस बागभर सांगत होता. धाकटी मात्र त्या घडीला खाली वाकून टोपलीतली फळं उगाच पुन्हा लावत राहिली.