धाव न देणाऱ्याशी बोलू नये

मार्लीन गेली हे मला परगावी कळलं, सामना जिंकल्यावर. बेसबॉलच्या पूर्ण नऊ इनिंग चेंडू टाकून मी खांद्यावर बर्फ बांधून बसलो होतो. आमचे मॅनेजर व्हॅन्टरपूल फोन ठेवून आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, तुझी बायको शाळेची बस लावून खाली उतरली आणि तिथेच कोसळली. डोक्यातली शीर फुटली. मग त्यांनी स्वतःची गाडी काढून मला डॅव्हनपोर्टला घरी पोचवलं. वाटेत ते काही बोलले नाहीत, आणि तेव्हा मला ते बरंच वाटलं.

तिला पुरून आठवड्याभरात मी मैदानावर परत आलो. काहींना ते घाईचं वाटलं असेल. पण चेंडू टाकणं एवढंच मला येतं, आणि त्या उन्हाळ्यात ते जितकं चांगलं येत होतं तितकं आधी कधी आलं नव्हतं. मे महिन्यापासून मी समोरच्यांना एकही धाव दिली नव्हती. आमच्या लीगचा जुना विक्रम हाताशी आला होता.

आमच्यात एक रीत आहे. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, धाव देत नसेल तर त्याच्याशी त्याबद्दल बोलायचं नाही. बाकावर त्याच्या शेजारी बसायचं नाही, त्याच्या वस्तू हलवायच्या नाहीत, जे जसं आहे ते तसंच ठेवायचं. बोललं की दृष्ट लागते. सगळे तोंड शिवल्यासारखे वागत होते. कुठलं बोललेलं चालेल आणि कुठलं नाही, हे मात्र कोणाला ठरवता येईना. मग मार्लीनचं नावही कोणी काढेना. मी आलो की पत्त्यांचा डाव थांबायचा, लोक बुटांच्या नाड्या बांधायला लागायचे.

मला तिचं नाव कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. त्याचा उपायही माझ्या हातात होता. एक चेंडू सरळ, मधोमध, सोपा टाकायचा. एक धाव गेली की हे सगळे माझ्याशी बोलायला मोकळे.

विक्रमाचा सामना आमच्याच मैदानावर होता. सातवी इनिंग कोरी गेली की विक्रम माझा. एक गडी बाद झाला होता, धावेपासून एकच टप्पा दूर, तिसऱ्या बेसवर, त्यांचा माणूस उभा होता, आणि मी दोन चेंडू फारच सोपे टाकले. फलंदाजाचंच नशीब फुटकं, त्याने मारलेले दोन्ही रेषेबाहेर गेले आणि त्याच्या तीनपैकी दोन संधी संपल्या. फलंदाजामागे बसणारा आमचा कॅचर दोमिंगो अरिएता मुखवटा काढून माझ्याकडे चालत आला.

"हे दोन तू टाकले नाहीस," तो म्हणाला. "ताटात वाढलेस."

"मग?"

"मग काही नाही. तुझा हात, तुझा विक्रम." तो चेंडू हातात फिरवत राहिला. "पण एक सांगतो, आता नाही सांगितलं तर परत कधी सांगणार नाही. ओपल प्रॅट गेटवर आल्या होत्या. तू परत आलास त्याच दिवशी."

ओपल मार्लीनच्याच शाळेची दुसरी बस चालवायची.

"मार्लीन पडली तेव्हा त्या तिच्यापाशी होत्या," दोमिंगो म्हणाला. "तुला काहीतरी सांगायचं होतं त्यांना. मी म्हटलं, बाई, त्याच्यावर धाव निघेपर्यंत थांबा. लेका, मी गाढव आहे."

"काय सांगायचं होतं?"

"विचारलं नाही. त्या बहिणीकडे मिनेसोटाला गेल्या."

तीन आठवड्यांत पहिल्यांदा कोणी तिचं नाव घेतलं होतं, आता धाव द्यायची गरज उरली नव्हती. पंच आमच्याकडे यायला निघाले. मला दोमिंगोचा राग यायला हवा होता, पण आला नाही. त्या जागी मीही ओपलला परत पाठवलं असतं.

"जा, बस जागेवर," मी म्हणालो. "आणि ग्लोव्ह खाली धर. चेंडू वळवतोय."

चेंडू वळला. फलंदाजाची बॅट हवेत फिरली, तिसरी संधीही हुकली आणि तो बाद झाला. पुढच्याने उंच मारला, तो दोमिंगोने पाठीमागच्या कुंपणाशी झेलला; तिसरा गडी गेला, इनिंग कोरी संपली. हाताला काय येतं हे मला तेव्हा पक्कं माहीत होतं, त्यात नशिबाचा भाग नव्हता.

सामना संपल्यावर दोमिंगोने सगळ्यांसमोर मोठ्यानं मार्लीनचं नाव घेतलं, आणि मग बांध फुटला. व्हॅन्टरपूल सांगायला लागले की मला लवकर बाहेर काढलं म्हणून तिने एकदा त्यांना पार्किंगमध्ये गाठून कसं झापलं होतं. आम्ही हसलो. काही जण रडले. मीही रडलो.

पुढच्याच सामन्यात माझ्यावर धाव निघाली. त्याचं मला काही नाही. विक्रम माझ्या नावावर आहे आणि तो बरीच वर्षं राहील.

ओपलच्या बहिणीचा पत्ता दोमिंगोने काढून आणला. मोसम संपून महिना झाला. गाडीने एका दिवसाची वाट आहे. ओपलचं एकदा ऐकलं की मार्लीनबद्दल ऐकायचं काही उरणार नाही. मी अजून गेलेलो नाही.