पहिला घास

शकूने मडक्याच्या तोंडावर फडकं धरून करांद्यांचं दुसरं पाणी ओतून टाकलं. तिसऱ्यासाठी झऱ्यावर न जाता मडकं सरळ आईपुढे आणून ठेवलं.

"तीन पानी काडलंस ना गो?"

"काडलं."

लढाई संपली म्हणत होते, पण पनवेलच्या रेशनच्या दुकानावरून बेलपाड्याची माणसं रिकाम्या पिशव्या घेऊनच परतायची. त्यात खाडीचा बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं आणि उभं भात मेलं. उरले नेऱ्याच्या डोंगरातले कडू कंद, करांदे. ते चिरून ओढ्यात भिजवायचे, मग राखेच्या पाण्यात तीनदा उकळायचे. कडूपणा राहिला तर माणूस हातचं जातं, असं कातकरणी बजावून सांगायच्या. पण झरा लांब होता, पोटात कावळे ओरडत होते. एका पाण्याने असं काय बिघडणार?

ठमाआत्या नेहमीसारखी पहिली जेवायला बसली. बापाची ही विधवा बहीण शकूच्या डोळ्यांत सलायची. बाप तिकडे मिठागरावर राबतोय, पोरं भुकेली, आणि हिला मात्र सगळ्यांआधी पान हवं! वर खाऊन झालं की ओट्यावर जाऊन बसायची, आणि तिने "वाड" म्हटल्याशिवाय आई पोरांना घासही द्यायची नाही.

आज उन्हं कलली तरी "वाड" येईना. धाकट्या दादूने मडक्यात हात घातला, तशी आईने त्याच्या हातावर फाडकन मारलं. ती कधी मारत नसे.

"आत्यानं खाल्लं, मंग आमी का नाय?" शकू उसळली.

"तिला काय व्हतं का ते बघू दे पयलं." आईचा आवाज एकदम खाली आला. "मी खाते म्हनलं, तर वन्सं नाय म्हनल्या. तुज्या मागं पोरं हायत, माज्या मागं कोन रडनार हाय, म्हनल्या."

शकू ओट्यावर धावली. आत्या खांबाला टेकून बसली होती आणि तिचं कपाळ घामाने डबडबलं होतं.

"आत्या, मी दोनच पानी..."

आत्याने तिचा हात दाबला आणि ती घरात आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मालू, फेकून दे समदं. करांदाच वायीट व्हता. पोरीनं पानी बरोबर काडलंय."

शब्द जड येत होते. आत मडकं फुटलं आणि दादूने भोकाड पसरलं. आई मिठाचं पाणी घेऊन धावत आली.

"वन्सं, घ्या. वकून टाका."

आत्याचे ओठ उघडले नाहीत. तिच्या बोटांतला जोर कधीच गेला होता. आता शकूनेच तो हात धरून ठेवला होता.