तोटीपाशी बसलेला माणूस

"दुःख आलं म्हणजे तुम्ही काय करता?" पिराजीने फॉर्मवरचा अकरावा प्रश्न वाचला आणि कागदावर पेन टेकवून थांबला.

लिंगायत गल्लीतली म्हातारी शांतम्मा रेशनची लाल मिलो ज्वारी सुपात घेऊन निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"पूजा करते की. न्हाय आलं तरी करते. ह्यात लिवायसारखं काय हाय, पिराजप्पा?"

पिराजीने शब्द न् शब्द लिहून घेतला. त्र्याहत्तर सालचा एप्रिल होता. पावसाने पाठ फिरवल्याला तिसरे वर्ष लागले होते. मुरूम या बाजारगावापासून सहा मैलांवरच्या या गावात सातपैकी सात विहिरी कोरड्या होत्या. अशा वेळी औरंगाबादचे एक प्राध्यापक एस.टी.तून उतरले आणि देव मानणारी माणसे दुःख कसे सोसतात, न मानणारी कसे सोसतात, याचा अभ्यास करायचा आहे म्हणाले. त्यांना गावोगाव फिरून फॉर्म भरणारा, इथली बोली कळणारा माणूस हवा होता. बौद्धवस्तीतला पिराजी मॅट्रिक होऊन अकरा वर्षे झाली होती आणि या अकरा वर्षांत त्याच्या अक्षराचे कौतुक सोडून त्याला कुणी काही दिले नव्हते. प्राध्यापकांनी अक्षर पाहून त्याला निवडले. चार गावांतले एकशेवीस फॉर्म चोख भरले तर विद्यापीठात कायमची जागा होती. आई पुतळाबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तिला त्या ढिगावरून उठवायचे, एवढेच पिराजीच्या मनात होते.

प्राध्यापकांनी नियम बजावून सांगितले होते. विचारा, ऐका, माणूस बोलेल तसे लिहा. सल्ला देऊ नका, वाद घालू नका, गावाच्या कारभारात पडू नका; पडलात तर फॉर्म बाद. आणि एकाने सांगितलेले दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नये.

हा शेवटचा नियम ऐकल्यावरच बंडप्पा बोलायला तयार झाला होता. बंडप्पा सोसायटीचा सेक्रेटरी. बी-बियाणे, खत त्याच्या हातून गावाला मिळायचे. त्याने आधी ऑफिसचे दार लोटले, कडी घातली, मग म्हणाला, "देव मानता का, ह्या प्रश्नाला काय लिवतोस?"

"तुमी सांगाल ते."

"मग न्हाय लिव्ह. पोरगी गेली माझी, सातव्या वर्षी. सगळी दैवतं पालथी घातली हुती. तवापासून न्हाय." मग तो म्हणाला, "पर बाहेर बोललास तर मी इथनं उठलो बघ. गाव मला देवभक्त समजतंय."

पिराजीने फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला. या गावातला तो एकविसावा फॉर्म होता.

घरच्या माणसाचा फॉर्म भरू नये असा नियम कुठे नव्हता. पिराजीने पुतळाबाईलाही समोर बसवले. फॉर्ममध्ये 'तुम्ही' होते म्हणून त्याने आईला 'तुम्ही' म्हटले, तशी ती पदर तोंडाला लावून हसली.

"देव मानता का?"

"छप्पन सालीच गाठोड्यात बांधून विहिरीत सोडले की. तू बी हुतास काठावर."

"तरी इचारावं लागतं, माय. दुःख आलं म्हणजे तुम्ही काय करता?"

"कुणाचं दुःख?"

फॉर्ममध्ये ते लिहिलेले नव्हते. पिराजी अडखळला. पुतळाबाई म्हणाली, "माझं असंल तर कामाला जाते. दुसऱ्याचं असंल तर त्येच्या घरी जाते. लिही."

शनिवारी दुपारी पुतळाबाई खडीच्या ढिगावरच आडवी झाली. जुलाब, उलट्या. त्या आठवड्यात वस्तीत तीन घरांत हेच चालले होते. रविवारी पिराजीने तिला बैलगाडीत घालून मुरूमला दवाखान्यात नेले. तिथल्या नर्सने डोळ्यांच्या खोबण्या पाहिल्या, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती जागच्या जागी उभीच राहिलेली पाहून मान हलवली. खाट मोकळी नव्हती. बाटलीभर सलाइन देऊन तिने घरी पाठवले आणि बजावले, पाणी उकळून, मीठ-साखर घालून, चमच्या-चमच्याने पाजत राहा. पाणी तुटले की माणूस तुटेल.

घरी रांजणात वीतभर पाणी होते. टँकर सोमवारी आणि गुरुवारी यायचा. आधी गावच्या आडात पाणी सोडायचा आणि मग शेवटची दोन पिंपे बौद्धवस्तीला. आड कोरडा असला तरी त्यावर वस्तीने पोहरा टाकायचा नाही, हे सरकारी टँकर आला म्हणून बदलले नव्हते. म्हणून ती दोन पिंपे.

रविवारी संध्याकाळी देवळाच्या पारावर बैठक झाली आणि तिची बातमी वस्तीवर आली. सोमवारी महादेव बुडवायचा. पाऊस रुसला की गाभाऱ्याचा उंबरा माती-शेणाने बांधून घ्यायचा आणि पिंड बुडून दिसेनाशी होईपर्यंत घागरी ओतायच्या. देव गुदमरला की आभाळ सोडतो, अशी पिढ्यांची रीत होती. आजवर प्रत्येक घर आपल्या विहिरीची घागर आणायचे. आता विहिरी नव्हत्या. देवाला टँकर द्यायचा, असे ठरले होते, आणि ते ठरवणाऱ्यांत पुढे बंडप्पा होता.

पिराजी रात्रभर आईला चमचे मोजून पाणी पाजत राहिला. सकाळी रांजणाचा तळ दिसला. त्याने शेजारच्या भिमाबाईला आईजवळ बसवले, फॉर्मची पिशवी खांद्याला लावली आणि देवळाकडे निघाला. फॉर्म भरायला तो चालला नव्हता, पण पिशवी घरी ठेवायची नाही असा नियम होता.

टँकर देवळासमोर उभा होता. ड्रायव्हर महारुद्र बोनेटवर बसून तंबाखू मळत होता. पाइप गाभाऱ्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून तोटीपासून पायऱ्यांपर्यंत माणसांची रांग लागली होती. उंबरा बांधून झाला होता. आत देवळाचे पुजारी पंचाक्षरी स्वामी बेल वाहत होते.

पिराजी थेट बंडप्पासमोर गेला. वस्तीत तीन घरांत आजार आहे, हे पाणी प्यायचे आहे, सरकारने त्यासाठीच धाडले आहे, असे त्याने हळू आवाजात सांगितले. पाणी कुठे सोडणार म्हणून त्याने महारुद्रला विचारले तर तो म्हणाला, "देव बुडवा न्हायतर मला बुडवा, मला मुरूमला दुसरी खेप हाय. सही तेवढी करा कुणीतरी."

लोक हसले. बंडप्पा हसला नाही.

"पिराजी, तू लिहायला ठेवलेला माणूस ना? मग लिव्ह. गाव काय करतं ते लिव्ह."

"आन् तुमचं काय जातंय?" रांगेतून कुणीतरी म्हणाले. "तुमास्नी देवच न्हाय."

पिराजीचा हात पिशवीवर गेला. आत एकविसावा फॉर्म होता. देव मानता का, नाही. खाली बंडप्पाची सही होती. तो कागद काढून दोन ओळी वाचल्या असत्या तर रांग जागच्या जागी मोडली असती. बंडप्पाची नजर त्या हातावर गेली आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. एवढ्या माणसांत ते दोघांनाच कळत होते.

पिराजीने पिशवीचा बंद आवळून गाठ मारली. मग तो टँकरच्या मागे गेला आणि तोटीला पाठ लावून खाली मांडी घालून बसला.

"ऊठ की," बंडप्पा म्हणाला.

"न्हाय उठत."

तोटी उघडायची तर त्याला ओढून बाजूला करायला हवे होते, आणि कुणाचा हात पुढे येईना. ही दया नव्हती. रांगेतली माणसे देवकार्यासाठी तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकून, धूतवस्त्राने आली होती. पिराजीला शिवले तर पुन्हा आंघोळ करावी लागणार आणि आंघोळीला गावात पाणी नव्हते. लहानपणापासून ज्या रिवाजाने त्याला आडापासून चार हात लांब उभे केले, त्याच रिवाजावर तो आज भरवसा ठेवून बसला होता. हे त्याने ठरवून केले होते आणि तसे करताना त्याला फार कडू वाटत होते.

दहा मिनिटे गेली. शिव्या झाल्या. सोसायटीचे बियाणे वस्तीला बंद करू, अशी धमकी झाली. ऊन चढले. महारुद्रने दोनदा हॉर्न वाजवला. घरी भिमाबाईच्या हातात किती चमचे उरले असतील, याचा हिशेब पिराजी करत होता आणि तो जुळत नव्हता.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून शांतम्मा पुढे आली. तिच्या कमरेवर घागर होती आणि हातात पूजेचा लोटा.

"सरक, पिराजप्पा."

तो हलला नाही.

"बुडवायला न्हाय आले मी. सरक जरा." आणि त्याच्या खांद्यावर हात टेकून ती म्हातारी खाली वाकली. सगळ्यांनी ते पाहिले. पिराजी बाजूला झाला. तिने तोटी सैल करून लोटा भरला, तोटी बंद केली, पायऱ्या चढली, शेण-मातीचा बांध ओलांडून गाभाऱ्यात गेली आणि पिंडीवर पाणी घातले. बाहेर येऊन ती बंडप्पासमोर उभी राहिली.

"झाली त्याची आजची आंघोळ. साकु आता, पुरे." पदराखाली गळ्यातल्या लिंगावर तिने हात ठेवला. "हा माझा महादेव वरीसभर पळीभर पाण्यावर ऱ्हायलाय. एक दिवस रुसला न्हाय. तुझ्या देवळातल्या मोठ्याला टँकर कशाला लागतोय?"

बंडप्पा वाटेतून बाजूला झाला. शांतम्माने घागर तोटीखाली लावली. घागर भरून वाहायला लागली, आणि मग दुसरी बाई आपली घागर घेऊन पुढे झाली. उरलेल्या पाण्यापैकी शेवटची दोन पिंपे महारुद्रने वस्तीवर नेऊन भरली. वाटेत तो पिराजीला म्हणाला, टँकरमागे लागलेली माणसं रोज बघतो, टँकरला टेकलेला आज बघितला.

पुतळाबाई मंगळवारी उठून बसली. वस्तीतली एक म्हातारी मात्र सोमवारी रात्री गेली.

बुधवारी बंडप्पा वस्तीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. आत यायला तो संकोचत होता. पिराजी बाहेर गेला.

"फॉर्म वाचला न्हाईस तू," बंडप्पा म्हणाला.

"तसं ठरलं हुतं."

"मला ते खरं वाटतं म्हणून करत नव्हतो, पिराजी. रोज दारात माणसं येऊन बसत्यात. बियाणं हाय माझ्याकडं, खत हाय. पाणी कुठनं देऊ? नुसतं बघत बसत्यात माझ्या तोंडाकडं. कायतरी केल्यासारखं दिसाया पायजे हुतं." जाता जाता तो म्हणाला, "हे बी लिव्ह पायजे तर."

पिराजीने ते लिहिले. मग त्याने एक कोरा कागद घेतला आणि सोमवारची हकीकत वेळेसकट लिहून काढली. शेवटी लिहिले: अन्वेषकाने गावाच्या कारभारात हस्तक्षेप केला. टँकर अडवला. अन्वेषकाची आई आजारी होती. हे वाचून या गावचे फॉर्म ठेवायचे की नाही ते ठरवावे.

पुढच्या आठवड्यात प्राध्यापक आले. प्रवासी बंगल्याच्या व्हरांड्यात बसून त्यांनी गठ्ठा चाळला, मधे मधे मान डोलावली. अक्षराचे कौतुक केले. मग तो कागद वाचला आणि चष्मा काढून बराच वेळ पुसला. या गावचे सगळे फॉर्म बाद झाले तर एकशेवीस भरत नाहीत आणि वर जागेसाठी नाव पाठवता येत नाही, असे त्यांनी सांगितले. माणूस भला होता.

"पिराजी, ही चिठ्ठी मी बघितलीच नाही, असं समजू का?"

आई पुन्हा कामावर जायला लागली होती, हे पिराजीच्या डोळ्यांसमोर होते.

"न्हाय सर," तो म्हणाला. "बघितली म्हणून समजा."

प्राध्यापकांनी गठ्ठ्यातून त्या गावचे फॉर्म वेगळे काढले, त्यावर चिठ्ठी ठेवली आणि दोरा बांधला. उठताना त्यांनी पिराजीचा हात हातात घेतला आणि सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिराजी रस्त्याच्या कामावर गेला. हजेरी घेणारा कारकून बलभीम त्याच्याच वर्गात होता. मॅट्रिकला नापास झालेला.

"तू? शिकलेला माणूस खडी फोडणार?"

"नाव लिव्ह," पिराजी म्हणाला.

बलभीमने नाव लिहिले. पिराजीने हातोडा घेतला आणि ढिगाकडे गेला. बाभळीची सावली फार तर दोन माणसांना पुरेल एवढी होती. पुतळाबाईने त्याला येताना पाहिले. हातातला दगड फोडून झाल्यावर ती उन्हाकडे हातभर सरकली आणि सावलीतली जागा त्याला मोकळी करून दिली.