घरं नकोत म्हणणारी चादर

मित्रांनो, मी एक जुनी चादर आहे, पण अंथरूण-पांघरूण हे काम माझ्या वाट्याला कधी आलंच नाही. माझ्या अंगावर तांबड्या ऑइलपेंटनं लिहिलंय, 'इथे घरं नकोत'. कितीही धुतलं तरी ते जात नाही. ते वाचून मला भांडकुदळ समजू नका. मी आता फार थकले आहे, आणि भांडण तर मला कधीच नको होतं.

मागावरून उतरले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. कपडे शिवणाऱ्या एका काकूंनी मला दुकानातून आणलं. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि घर म्हणजे एकच खोली. काकूंनी माझ्या एका काठाला नेफा शिवला, त्यात दोरी ओवली आणि खोलीच्या मधोमध मला टांगलं. झाल्या एकीच्या दोन खोल्या! शेजारणी म्हणाल्या, "काकू, काय डोकं चालवलंत हो!" त्या दिवशी मी अशी काही मिरवत होते, की विचारू नका.

माझ्या अलीकडे काकूंचं शिलाई मशीन, पलीकडे मुलगा-सुनेचा पलंग. मुलगा वायरमन, सून दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून ती सकाळी यायची आणि माझ्याआड झोपायची. तिनं कूस बदलली, की काकू मशीन थांबवत. ती पुन्हा शांत झाली, की हळूच पुढची शिलाई घालत. गिऱ्हाईक मोठ्यानं बोललं, तर ओठांवर बोट ठेवून डोळे वटारत. माझ्यासारख्या पातळ कापडाची भिंत झाली ती काकूंमुळे. माझं त्यात फारसं काही नव्हतं.

पण भिंतीलाही ऐकू येतंच. गल्लीच्या टोकाच्या मैदानावर मोठी इमारत होणार होती. तिथे दोन खोल्या घ्यायच्या, असं मुलगा आणि सून माझ्याआड कुजबुजत. "नक्की झालं की मगच आईंना सांगू," सून म्हणायची. "त्यांच्या खिडकीतून आपली गॅलरी दिसेल. हाक मारली तरी ऐकू येईल."

आणि माझ्या अलीकडे तेच मैदान वाचवायला सगळी गल्ली कंबर कसून उभी राहिली होती. लोकांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. नळाला आधीच करंगळीएवढी धार, मुलांना खेळायला दुसरी जागा नाही, आणि सात मजले उठले की गल्लीतलं ऊन जाणार. एका सकाळी काकूंच्याच खोलीत बैठक भरली. निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "लांबून वाचता येईल असा फलक लिहायला मोठं कापड हवं. कुठून आणायचं?"

"कुठून कशाला? माझ्याकडे आहे की!" काकू ताडकन उठल्या आणि माझ्या दोरीची गाठ सोडली. माझ्याआड कुणी झोपलंय, हे काकू त्या दिवशी पहिल्यांदाच विसरल्या.

मी खाली आले. समोर पलंगावर सून, डोळे टक्क उघडे. सगळी बैठक तिच्याकडे बघत राहिली.

"अगं बाई, तुझी झोपमोड केली की!" काकू ओशाळल्या.

"घ्या, आई. झालीच होती माझी झोप."

तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. मला ठाऊक होतं, पण चादरीला बोलता कुठे येतं?

"दोन दिवसांत परत लावते हं," काकू म्हणाल्या.

त्या दोन दिवसांचं वर्ष झालं. मैदानाच्या कुंपणावर मी उन्हात भाजले, पावसात भिजले, कावळ्यांनी माझ्यावर बसून काय काय केलं ते सांगत नाही. पेपरात माझा फोटो आला. काकूंनी तो सगळ्या गल्लीला दाखवला. सून रोज सकाळी कामावरून येताना माझ्यासमोरून जायची. तिनं एकदाही मान वर केली नाही.

शेवटी इमारत रद्द झाली. हेडमास्तरांनी भाषण ठोकलं, टाळ्या झाल्या. काकू मला खांद्यावर टाकून घरी आल्या, तर मुलगा आणि सून सामान बांधत होते.

"हे काय रे?"

"आई, दवाखान्याजवळ खोली मिळालीय. लांब आहे, पण दार लावून घेता येतं."

"मला सांगायचं तरी! इथेच जवळपास बघितली असती."

मुलगा बोचक्याची गाठ आवळू लागला. सून हळूच म्हणाली, "जवळच बघितली होती, आई. मैदानावरच्या इमारतीत."

काकूंनी मला खांद्यावरून खाली ठेवलं. "मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"एवढी माणसं बसली होती. आणि तुम्ही किती खुशीत होता."

ते दोघं गेले. काकूंनी मला धू धू धुतलं आणि पुन्हा त्याच दोरीवर टांगलं. कशासाठी, ते मी विचारलं नाही. मैदान वाचलं, मुलं तिथे खेळतात, गल्लीत ऊन येतं. ते चांगलंच झालं. पण मित्रांनो, कधी तुम्हालाही 'नको' म्हणावं लागलं, तर जरूर म्हणा. फक्त त्याआधी आपल्याच घरात पडद्यापलीकडे कोण जागं आहे, ते एकदा विचारा.

काल दुपारी वाऱ्यानं मी जराशी हलले. काकूंनी पटकन मशीन थांबवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.