दहा मैलांच्या आतलं लाकूड

व्हर्लिन टोलफसन पायाला भिंगरी लावूनच जन्माला आला होता. दर उन्हाळ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचा नकाशा पसरायचा आणि राज्य उद्यानं निवडायची, हा त्याचा सण. कडे हवेत, धबधबा हवा, दम काढणारा चढ हवा. तंबूच्या खुंट्या ठोकून होत नाहीत तोच हा पठ्ठ्या पुढच्या उद्यानाचा विचार करायला लागायचा. बायको आर्डिस आयुष्यभर त्याच्यामागे फरफटत गेली, तीही हसतमुखानं.

यंदाची गोष्ट वेगळी होती. सोमवारी आर्डिसच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. ‘होईल सगळं ठीक,’ असं म्हणताना डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते, आणि ते व्हर्लिनच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

तिनं एकच गोष्ट मागितली होती. लग्नाच्या वर्षी तिनं लावलेला मेपल गेल्या वादळात पडला होता. त्याच्या लाकडाची शेकोटी हवी, तंबूपुढे.

“अंगणातच पेटवू की,” व्हर्लिन म्हणाला होता.

“नको. अंगणात तू गवत कापायला उठशील.”

तेव्हा त्यानं उत्तरेकडचं, मोठ्या तळ्याकाठचं, लाल कड्यांचं उद्यान निवडलं. आता हिला दाखवायचं तर उत्तमच दाखवायचं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. सकाळभर गाडी हाकून ते पोचले, तर फाटकावरच्या मुलीनं गाडीच्या मागच्या हौद्यात डोकावून पाहिलं.

“काका, ही लाकडं कुठली?”

“आमच्या अंगणातली.”

“मग आत नाही नेता येणार. दहा मैलांच्या आतलंच लाकूड चालतं. लाकडातून कीड येते नि जंगल पोखरते. इथेच टाका, आमच्याकडची मोळी घ्या.”

“अहो, बायकोनं स्वतः लावलेलं झाड आहे हे!”

“किडीला काय काका, झाड कुणी का लावलेलं असेना.”

इतकी वर्षं मोळी उद्यानातच विकत घेतलेली, त्यामुळे फाटकावरची ती पाटी त्यानं कधी मनावर घेतलीच नव्हती. गाडी वळवून तो पुटपुटला, “पुढच्या उद्यानाच्या फाटकाआधी लाकडांवर घोंगडी टाकू.”

“मी चोरीच्या शेकोटीपुढे बसणार नाही,” आर्डिस म्हणाली.

तरी तो, लाकडं न झाकता, नदीच्या घळीपाशी असलेल्या उद्यानात गेलाच. तिथल्या फाटकावरचा माणूस वयस्कर होता, विरघळेल असं वाटलं होतं. तो विरघळला नाही. दुपार कलली. आर्डिसनं डोकं काचेला टेकवलं होतं आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. व्हर्लिननं बॉनेटवर नकाशा पसरला. त्याचं बोट नुसतं भिरभिरत होतं.

“जरा खाली बघ,” ती खिडकीतून म्हणाली. “आपल्या गावापाशी.”

“तिथे काय आहे? ते बदकांचं डबकं?”

“उद्यानच आहे ते. आणि दहा मैलांच्या आत.”

त्या उद्यानाची त्यानं जन्मभर टिंगल केली होती. ना कडा, ना चढ. एक तळं, लव्हाळी, आणि रांगतं पोरही चालेल अशी पायवाट. हिला दिवसभर उगाच फिरवलं, या विचारानं त्याची मान खाली गेली. त्यानं नकाशा गुंडाळला.

सूर्य मावळता मावळता ते पोचले. रखवालदारानं गावाचं नाव ऐकलं आणि हात हलवून आत सोडलं. मेपल मस्त पेटला. आर्डिसनं बूट काढून पाय शेकोटीकडे केले. व्हर्लिननं तंबूची दोरी ताणली, पाणी आणलं, सॉसेज भाजले, मग ताणलेली दोरी पुन्हा ताणली.

“बस,” ती म्हणाली.

“उद्या लाकडं इथेच ठेवून पहाटे निघालो, तर कड्यांपाशी...”

“व्हर्लिन, बस.”

तो बसला. तळ्यापलीकडे त्यांच्या गावाची पाण्याची टाकी दिसत होती. तिच्या आसपासच कुठेतरी त्यांचं घर.

“इथे यायचं होतं, तर आधी का नाही बोललीस?”

“दर उन्हाळ्यात बोलले. तू नकाशात असायचास.”

त्याला उठून कुठेतरी चालत सुटावंसं वाटत होतं. सोमवारची भीती वाटते, हे त्यानं अजून तिला सांगितलं नव्हतं. उगाच हाताला चाळा म्हणून त्यानं शेकोटीत घालायला आणखी एक लाकूड उचललं.

“सगळी नको जाळूस,” ती म्हणाली. “परत येऊ तेव्हा लागतील. इथेच यायचं.”

“भीती वाटतेय गं मला,” तो म्हणाला.

“मलाही. म्हणून तर बस म्हणतेय.”

त्यानं हातातलं लाकूड ढिगावर परत ठेवलं, आणि उठला नाही.