औषध म्हणून आणलेली सून

शिवहारनं अंगातला सदरा काढून मोरीत भिरकावला आणि म्हणाला, "चिकाचे डाग हायेत. आत्ताच्या आत्ता धू."

डोंगरकडा गावच्या बागांत केळीचे घड उतरवणाऱ्या माणसाचा सदरा चिकानं काळा पडलेलाच असतो, त्यात नवल नव्हतं. नवल होतं ते त्याच्या घाईचं. लग्न झाल्यापासून सदरा धुतला की नाही, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

सत्यशीलानं तांब्याभर पाणी ओतलं. पाणी लाल झालं.

तिचं माहेर सिद्धेश्वरच्या धरणाकडं. हळदीचे डाग तिला ठाऊक, केळीचे नव्हते. नवी नवरी असताना चीक घासून घासून तिनं बोटं सोलून घेतली होती आणि सासू नर्मदाबाई पोट धरून हसली होती, "येडे, सदरा फाटंल, पर चीक न्हाई निघायचा!" आणि आज हे डाग नुसत्या पाण्यात सुटत होते. जन्मात ज्यानं स्वतःचा सदरा धुतला नाही, त्यानं खोटं बोलावं तेही नेमकं सदऱ्याबद्दल.

"कोणाचं रक्त हाय हे?"

लाथ कमरेत बसली. ती मोरीच्या दगडावर आदळली, कोपर फुटलं.

"परभ्याचं," शिवहार धापा टाकत म्हणाला. "चार माणसांत म्हणतो, घड नीट ठिव, तुह्या बापाची बाग न्हाई. कोयता हातातच व्हता माह्या."

"जिता हाय का?"

"पडला व्हता. मी काहून बघत बसू?"

परभ्या म्हणजे प्रभू, घड उतरवणाऱ्या टोळीचा मुकादम. नववीत असताना शिवहारनं मास्तरांच्या गाडीचे टायर फाडले आणि वर्गातल्या प्रभूनं नाव सांगितलं, म्हणून शिवहारनं हापशाचा दांडा त्याच्या तोंडावर घातला होता. जबडा जुळला तो वाकडाच. अजूनही प्रभू भाकर दुधात कालवून खायचा. त्या दिवशी नर्मदाबाईनं साऱ्या गावाला सांगितलं, पोरगं मामाच्या गावी गेलंय. मग शाळा सुटली. वारंगा फाट्यावर ट्रकवर क्लीनर म्हणून राहिला, ड्रायव्हरचं डोकं फोडून परत आला. वीटभट्टीवरून हाकलला. दर वेळी माय आडवी उभी राहिली, आणि दर वेळी कोणीतरी म्हणालं, लगीन करून द्या, ताळ्यावर येईल. असं औषध म्हणून सत्यशीलाला या घरात आणलं होतं. फाट्यापासून कळमनुरीपर्यंत कोणी काम देईना, तेव्हा ज्याचा जबडा मोडला त्या प्रभूनंच त्याला टोळीत घेतलं. तेच शिवहारला सोसलं नाही.

नर्मदाबाई आत आली. लाल पाणी तिनं पाहिलं, सून पाहिली, आणि सोड्याचा डबा पुढं सरकवला.

"घास लवकर. पोलीस पाटील येऊन राहिला. शिवहार सकाळपासून तापानं निजला व्हता, ध्यानात ठिव. टोळीतले समदे भेलेत, कोणी तोंड उघडंना. तू बराबर बोल, म्हंजे मिटलं."

सत्यशीलाच्या हातात सदरा तसाच राहिला. दारात तिचं पोरगं उभं होतं, तीन वर्षांचा प्रज्ञेश. त्यानं लाथ पाहिली होती. तो रडत नव्हता, नुसता बघत होता, आणि ते न रडणंच तिच्या काळजाला लागलं. आज आपण जे बोलू, ते हे लेकरू ऐकणार.

पोलीस पाटील उत्तमसिंग दोन माणसं घेऊन अंगणात आले. "परभूला नांदेडच्या दवाखान्यात नेलंय. खांद्यापासून चिरलाय. शिवहार कुठं व्हता सकाळी?"

"घरीच!" नर्मदाबाई म्हणाली. "अंगाला हात लावून बघा. सून सांगंल की."

आत शिवहार कांबळं ओढून पडला होता. त्याचे डोळे तेवढे उघडे.

"घरी नव्हते," सत्यशीला म्हणाली. "रगताचा सदरा मोरीत हाय. भिजवलाय, पर घासला न्हाई."

कांबळं उडालं. शिवहारनं तिला केसांना धरून चौकटीवर आपटलं, एकदा, पुन्हा एकदा. कपाळ फुटलं, ओठ दातात चिरला. तिघांनी मिळून त्याला ओढलं, तेव्हा त्याच्या मुठीत केसांचा पुंजका राहिला. तोंडातलं रक्त थुंकून ती म्हणाली, "मोरीत हाय, पाटील. घ्या."

त्यांनी दोरानं त्याचे हात बांधले. नर्मदाबाई ऊर बडवू लागली. "तुला काहून आणली व्हती गं? सांभाळ म्हणून आणली व्हती!"

"आत्याबाई, तुमी त्याला एकदा तरी धरून द्यायचं व्हतं. नववीतच."

"माय हाय मी!"

"मी बी हाय."

तेवढ्यात दगड आला. प्रज्ञेशनं दोन्ही हातांनी उचलून भिरकावलेला. बापाला बांधायला वाकलेल्या उत्तमसिंगांच्या भुवईवर बसला आणि रक्ताची धार लागली.

"वाघ हाय माहा!" रडता रडता नर्मदाबाईचा चेहरा उजळला. "बापाचा वाघ!"

"ऱ्हाऊ द्या," उत्तमसिंग भुवई दाबत म्हणाले. "लेकरू हाय."

"त्याच्या बापाला बी समदे हेच म्हणले, पाटील."

तिनं पोराला उचललं, जमिनीवर बसून मांडीत घेतलं आणि त्याच्या दोन्ही मुठी आपल्या हातांत धरल्या. त्यानं लाथा झाडल्या, तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. तिनं त्याला मारलं नाही, सोडलंही नाही. पोलिसांची गाडी येऊन शिवहारला घेऊन गेली, तरी ती तशीच डुलत बसली होती, "हाय मी, राजा, हाय मी," म्हणत. हळूहळू दात सैल झाले आणि लेकरू हुंदके देऊन रडायला लागलं.

मग त्याला कडेवर घेऊन ती ओट्यावर बसलेल्या उत्तमसिंगांसमोर उभी राहिली. "बघ, राजा. लागलंय त्यांना."

पोरानं मान फिरवली. हनुवटीला बोट लावून तिनं ती हळूच परत वळवली.